घाटवाटेवरचे पाणी

इतिहासाची पुस्तके उघडली की त्यांत राजे दिसतात, किल्ले दिसतात, लढाया दिसतात; वाटा मात्र क्वचितच दिसतात. वास्तविक राजा ज्या वाटेने आला, फौज ज्या वाटेने उतरली आणि व्यापाऱ्याचा बैल ज्या वाटेने धापा टाकीत वर चढला, ती वाट ह्या साऱ्यांहून वयाने वडील असते. राज्ये बदलली तरी ती बदलत नाही. कारण डोंगराने जेथे खिंड दिली तेथूनच माणसाला जावे लागते. अशा वाटेला दोन गोष्टी लागतात. एक पाणी आणि दुसरी आसरा. ह्या दोन गोष्टी जेथे आहेत तेथे वाट जगते, आणि जेथे त्या नाहीशा होतात तेथे वाटेवर गवत माजते. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडील घाटवाटांना धरून ही गोष्ट आज आपल्यापुढे मांडावी असा आमचा विचार आहे.

विषयाला निमित्तही ताजेच आहे. गेल्या काही वर्षांत शहरांतील तरुण मंडळी डोंगरवाटांवर धावू लागली आहेत. साताऱ्याला डोंगर चढून उतरण्याची अर्धमॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. सिंहगड, राजगड, तोरणा ह्या गडांना जोडणारी लांब पल्ल्याची धावही आता भरते. आणि नाणेघाटाकडे किंवा हरिश्चंद्रगडाच्या पुष्करणीकडे सुटीच्या दिवशी पहाटे धावत निघालेली मुलेमुली दिसतात. ह्या उत्साहाचे आम्हांला कौतुकच वाटते. मात्र डोंगरात धावणे हा परदेशातून आलेला नवा छंद आहे असे जे कोणी समजतात, त्यांचे समजणे अपुरे आहे. ह्या वाटांवर माणसे दोन हजार वर्षे पळत आली आहेत. पोटासाठी, धन्याच्या कामासाठी आणि प्रसंगी जीव वाचविण्यासाठी. त्यांना पळता आले, कारण वाटेत कोणी तरी त्यांच्यासाठी पाणी ठेवले होते.

प्रथम भूमी पाहू. सह्याद्रीचा कडा कोकणात एकदम तुटतो आणि देशाकडे मात्र पायरीपायरीने उतरतो. ह्या कड्यालगत कुकडी, मीना, घोड, भीमा ह्या नद्यांचे उगम आहेत. कुकडी ही पूर गावच्या कुकडेश्वराजवळ उगम पावते, घोड ही आहुप्याच्या बाजूने येते, आणि भीमा भीमाशंकराहून निघते. कड्यावर पाऊस किती पडतो म्हणाल, तर आषाढात चार हात पलीकडचे माणूस दिसू नये इतका. परंतु हा सारा पाऊस काळ्या दगडावरून वाहून जातो. बसाल्टच्या घट्ट थरात पाणी मुरत नाही. माती पातळ, उतार तीव्र. म्हणून जो मुलूख श्रावणात पाण्याने न्हाऊन निघतो त्याच मुलखात फाल्गुन सरताच घोटभर पाण्यासाठी मैल मैल चालावे लागते. घाटमाथ्याचे हे जे विपरीत आहे ते ध्यानात घेतल्यावाचून पुढचा इतिहास उमगावयाचा नाही.

ह्या विपरीतावर जुन्या माणसांनी काढलेली तोड म्हणजे खोदीव टाके. ज्या दगडात पाणी मुरत नाही त्याच दगडात ते साठवावयाचे! दोषाचाच गुण करण्याची ही युक्ती आहे. जागा निवडावयाची ती घट्ट, बिनभेगांच्या खडकाची. तोंड लहान ठेवून आत पोट मोठे खोदावयाचे, छत राहावे म्हणून मधूनमधून खांब सोडावयाचे. वरच्या उतारावर बारीक पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्याकडे वळवावयाचे. छताखाली ऊन पोचत नाही, म्हणून पाणी आटत नाही आणि शेवाळही फारसे धरत नाही. चुना नाही, वीट नाही, लाकूड नाही; त्यामुळे दुरुस्तीही नाही. काम एकच, आणि ते म्हणजे वर्षाकाठी गाळ काढणे. हे काम ज्या गावाने चालू ठेवले त्या गावाचे टाके दोन हजार वर्षांनंतरही पाणी देते.

आता नाणेघाटाकडे वळू. कोकणातल्या वैशाखऱ्याकडून निघून सुमारे दोन हजार फूट चढले की दगडी खिंडीतून आपण घाटघरच्या पठारावर येतो. पश्चिमेस सोपारे आणि कल्याण ही बंदरे, पूर्वेस जुन्नर, आणि पुढे पैठण व तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने अरबी समुद्राच्या व्यापाराचे जे मार्गदर्शन लिहून ठेवले आहे, त्यात सोपारे, कल्याण, पैठण आणि तेर ही चारही नावे आढळतात. बंदरांतला माल देशावर चढविण्याच्या प्रमुख दारांपैकी नाणेघाट हे एक दार होते. घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे लोक सांगतात. ही लोकांची समजूत म्हणून ऐकावी. रांजणापेक्षा अधिक बोलका पुरावा जवळच्या लेण्यात आहे.

ह्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. विद्वान त्याला सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स ह्यांनी तो जगापुढे आणला, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर ह्यांनी त्याचे वाचन पक्के केले. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे ह्यांची त्यात मोजदाद आहे. आणि ही मोजदाद अंकांत असल्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात ह्या लेखाला फार मोठे स्थान आहे. मागच्या भिंतीशी सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका आणि राजकुलातील इतर मंडळी ह्यांचे पुतळे होते. वर कोरलेल्या नावांवरून ते ओळखता येतात. आज पुतळे नाहीत. पावलांपुरते अवशेष राहिले आहेत.

आणि त्याच परिसरात पाण्याची टाकी आहेत. त्यांच्यावरही लेख आहेत, परंतु ते लहान. सोपाऱ्याच्या गोविंददासाने एक टाके दिले, एवढीच एकाची हकीकत. कामवनच्या दामघोष नावाच्या गृहस्थाने वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या तेराव्या वर्षी दुसरे टाके दिले, ही दुसऱ्याची. राणीच्या लेखाला भिंती पुरल्या नाहीत. गोविंददासाला एक ओळ पुरली. पण श्रोतेहो, राजकुलाच्या पुतळ्यांची पावले तेवढी उरली, आणि टाक्यांत मात्र पाणी आहे. आम्ही राणीचे महत्त्व कमी करू इच्छीत नाही. तिचा लेख नसता तर सातवाहनांचा आरंभीचा इतिहास अंधारातच राहिला असता. आमचे म्हणणे इतकेच की, घाट कोणाचा, असा प्रश्न विचारला तर राजाबरोबर त्या सोपारकर गोविंददासाचेही नाव घेतले पाहिजे.

हाच प्रकार जुन्नरच्या भोवती दिसतो. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी ह्या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक खोदकामे आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा नियम असल्यामुळे विहार झाले; आणि इतर महिन्यांत त्याच रांगेत वाटसरूंची ये-जा राहिली. ह्या लेण्यांतील लेखांत टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीतही हाच शब्द सापडतो. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा पश्चिमेकडून आलेल्या माणसाने, 'बे पोढियो' दिल्या असे म्हटले आहे. 'बे' म्हणजे दोन. आपण लहानपणी 'बे एके बे' म्हणत पाढा घोकला तो हाच बे! समुद्रापलीकडून आलेला एक मनुष्य ह्या डोंगरात येतो, येथल्या बोलीत आपले दान कोरवितो, आणि ते दान म्हणजे दोन टाकी पाणी. दुसऱ्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या लेण्यात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचा लेख आहे. त्याने ४६ व्या वर्षी एक पोढी आणि एक मंडप दिला. पोढी आणि मंडप, म्हणजेच पाणी आणि आसरा. आम्ही आरंभी ज्या दोन गोष्टी सांगितल्या त्या ह्या अमात्याने आपल्याआधी जवळजवळ एकोणीसशे वर्षे जोडीने लिहून ठेवल्या आहेत.

पुढे लेण्यांचा काळ सरला आणि गडांचा आला, परंतु पाण्याचे गणित बदलले नाही. चावंडावर एका ओळीत खोदलेली सात टाकी आहेत; लोक त्यांना सप्तमातृकांची टाकी म्हणतात. नाणेघाटावर पहारा ठेवणारा जीवधन टाक्यांवर आणि धान्यकोठीवर जगला. ज्या शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवछत्रपतींचा जन्म झाला, त्या शिवनेरीवरील गंगा-जमुना टाक्यांचे पाणी आजही प्रसिद्ध आहे. जुन्या खोदकामांचा गडकऱ्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. तट पाडता येतो, तोफ ओढून नेता येते. टाके मात्र जो येईल त्याच्या उपयोगी पडते.

जुन्नरच्या उत्तर सरहद्दीवर, खिरेश्वर गावातून तोलार खिंडीने चढले की हरिश्चंद्रगड लागतो. गड अकोले तालुक्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर आणि पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात मोडतो. परंतु त्याची एक मुख्य वाट जुन्नरची आहे. समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरांच्या घरात उंची असलेल्या ह्या पठारावर हरिश्चंद्रेश्वराचे दगडी देऊळ, त्याच्याजवळ सप्ततीर्थ नावाची बांधीव पुष्करणी, राहण्याजोगी लेणी, आणि पाण्यात उभे असलेले केदारेश्वराचे लिंग आहे. चांगदेवांच्या 'तत्त्वसार' ह्या ग्रंथाचा संबंध ह्याच गडाशी जोडला जातो. उंच डोंगरावर तळे आणि तळ्याकाठी निवारा अशी स्थळे परदेशांतही आहेत. युरोपातील आल्प्स पर्वतात खिंडीच्या माथ्यावर ख्रिस्ती साधूंनी धर्मशाळा चालविल्या आणि त्यांनी हिमात सापडलेल्या वाटसरूंचे प्राण वाचविले. तिकडे शत्रू बर्फ होता. इकडे चार महिने धुके आणि आठ महिने तहान. बाकी माणुसकीची रीत तीच.

आता ह्या वाटांवर पळणाऱ्या माणसांकडे येऊ. मराठी कागदपत्रांत जासूद, कासीद, हरकारा ही नावे पदोपदी भेटतात. घोडेस्वार सपाटीवर वेगवान खरा, पण कड्याच्या वाटेवर घोडा हे ओझेच होते. तेथे पायीचा माणूस सरस. जासूद बहुधा जोडीने पाठवीत, म्हणजे एक आजारी पडला किंवा पकडला गेला तरी पत्र थांबू नये. मजुरीला 'अजुरा' म्हणत, आणि किती दिवसांत पोचावयाचे ह्याची मुदत ठरलेली असे. राज्यकर्त्यांप्रमाणे सावकारांचेही स्वतःचे कासीद असत, आणि त्यांचा वेग कित्येकदा सरकारी बातमीपेक्षा अधिक असे. पानिपतच्या पराभवाची वार्ता १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशव्यांना भिलशाजवळ कळली ती एका सावकारी पत्रातून. मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेतले ते पत्र घेऊन निघालेला पायीचा माणूस वाटेत सापडला होता. एका साम्राज्याच्या दुःखाची बातमी अशा रीतीने एका धावणाऱ्याच्या कमरेला बांधून आली. त्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही.

परक्या माणसाच्या नजरेने ह्या वाटा कशा होत्या हेही पाहण्यासारखे आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा मुंबईहून जुन्नरला आला. तेथील मोगल अधिकाऱ्याने त्याला औषधोपचारासाठी बोलाविले होते. जाताना तो नाणेघाट सोडून आहुप्याच्या अवघड घाटाने चढला व आंबेगावावरून जुन्नरला गेला, आणि परतताना नाणेघाटाने उतरला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ह्या दोन्ही घाटांची नावे इंग्रजी वळणाने वाकडी होऊन आली आहेत. साहेब चढले हे आपण वाचतो. परंतु त्यांचे सामान वाहून नेणारे जे भोई आणि हमाल होते, ते त्याच कड्यावर ओझ्यासकट चढले, हे वाचताना सुटून जाते. ते बिचारे वाट चढण्याच्या पराक्रमाचे पुस्तक लिहिणार कोठून?

घाटमाथ्याची खरी माहितगार माणसे म्हणजे येथील महादेव कोळी. घाटांवरची राखण, गडांवरची चाकरी, जंगलातील हिरडा गोळा करून बाजाराला नेणे, हे त्यांचे पिढीजात जीवन. त्यांच्या पायांना जी वाट ठाऊक होती ती नकाशाला नव्हती. इंग्रजी अमलात जंगलावर आणि जमिनीवर बंधने आली, सावकाराचे खत दाराशी आले, तेव्हा हेच पाय बंडाच्या वाटेला लागले. राघोजी भांगरे ह्यांनी सरकारला कित्येक वर्षे झुलविले. २ मे १८४८ रोजी ठाण्याला त्यांना फाशी देण्यात आले. पुढे आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचे होन्या केंगले ह्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि १८७६ साली ते पकडले गेले. ह्या माणसांना डोंगराने लपविले असे आपण सहज म्हणतो. पण नुसता डोंगर लपवीत नाही. कोणत्या कपारीत वैशाखातही पाणी असते हे ज्याला ठाऊक त्यालाच डोंगर लपवितो.

मग ह्या वाटा ओस का पडल्या? शत्रूने त्या मोडल्या नाहीत. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्याच घाटातून आगगाडी १८६३ साली वर आली, आणि थळघाटाची रेल्वे १८६५ साली. चाक आले आणि पायाचे महत्त्व गेले. बैलांचे तांडे नाणेघाट सोडून सडकेला लागले. तांडा गेला तसा टाक्याचा गाळ काढणाराही गेला. टाके कोणी फोडले नाही. ते नुसते विसरले गेले. आमच्या मते आपल्या देशातील पुष्कळ चांगल्या गोष्टींचा अंत असाच झाला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या तालुक्यांत पाण्याचे नवे पर्व आले. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली. ह्या पाण्याने जुन्नर-आंबेगावचा पूर्वभाग हिरवा झाला. शिरूर, पारनेर, श्रीगोंद्यापासून करमाळ्यापर्यंत कालवे गेले. हे लहान काम नव्हे. परंतु ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. विदेशी मालाच्या गाडीपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू ह्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. नाव सार्थ आहे. आणि तरीही ज्या कड्यावरचा पाऊस ह्या धरणांत उतरतो, त्या कड्यावरच्या वाड्यावस्त्यांना चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते. पाणी खाली आहे, माणूस वर आहे. आणि पाणी आपण होऊन वर चढत नाही.

एका चैत्रात आम्ही नाणेघाटाच्या माथ्यावर होतो. टाक्याशी एक बाई हंडा भरीत होती. "ताई, हे पाणी कुठवर पुरतं?" असे विचारता ती म्हणाली, "व्हळी सरली का तळ दिसाया लागतो, दादा. गाळ लई साचलाय." मग आमच्या हातातील रिकामी बाटली पाहून तिने न मागता ती भरून दिली. गोविंददासाचे दान अद्याप संपलेले नाही, हे आम्हांला त्या वेळी कळले. आणि ते कोणाच्या हातून चालू आहे हेही कळले.

तेव्हा धावणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे असे. खुशाल धावा. पहाटे निघा, छाती भरून वारा घ्या, पुष्करणीच्या काठी बसून न्याहारी करा. परंतु वाटेवर पाण्याचे टेबल मांडून आणि रिकाम्या बाटल्या मागे टाकून परत येऊ नका. शर्यतीच्या शुल्कातील काही भाग आणि वर्षातील एक रविवार टाक्यांसाठी ठेवा. गाळ काढण्याचे काम पावसाआधी, वैशाखात करावे लागते. ते गावकऱ्यांना विचारून, त्यांच्यासह करावे. आणि जेथे लेख किंवा शिल्प आहे तेथे पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून कुदळ लावू नये, कारण उत्साहाच्या एका घावाने दोन हजार वर्षांचे अक्षर नाहीसे होते. टाक्याचे पाणी आधी गावाचे आणि मग पाहुण्याचे, हा नियम तर कधीच मोडू नये.

आणि जे धावत नाहीत, त्या आमच्यासारख्या सभागृहात बसणाऱ्यांनी काय करावे? कालव्याच्या पाण्यावर पिकलेली भाजी आपण सर्वच खातो. म्हणून माथ्यावरच्या गावांना उन्हाळ्यात पाणी मिळते की नाही, ही विचारपूस करण्याची जबाबदारी आपलीही आहे. पोढी खोदण्याचे सामर्थ्य आपल्यात नसेल. पण समुद्रापलीकडच्या इरिलाला ज्या डोंगराच्या तहानेची जाणीव झाली, तिची जाणीव डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला होऊ नये, हे काही बरे दिसत नाही.